सॉसच्या बाटलीमागचे माप

तूरडाळ, तांदूळ, तेल आणि चहापत्ती यांच्या शेजारी आता पास्ता सॉसची बाटली किराणा दुकानाच्या फळीवर येऊन बसली आहे. ही वस्तू आता फक्त मोठ्या शहरांतील मॉलची राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातील दुकानदारही मॅकरोनीच्या पाकिटाजवळ तिची मांडणी करतो. ती विकणाऱ्यांत, तिच्यापासून पदार्थ करून विकणाऱ्यांत आणि तो पदार्थ खाणाऱ्यांत आमच्या समाजाचे लोक पुष्कळ आहेत. म्हणून या बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न आम्ही आज व्यापाराच्या पानावर घेत आहोत. आमच्या मते तो आरोग्याचा जितका आहे, तितकाच मापाचा आणि सचोटीचाही आहे.

हा माल आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात पाहू. 1991 नंतर देशाची बाजारपेठ खुली झाली. 1996 मध्ये दिल्लीत डॉमिनोज आणि बंगळूरमध्ये पिझ्झा हट यांनी आपली पहिली दुकाने उघडली. पिझ्झा आणि पास्ता यांची चव मध्यमवर्गाच्या तोंडी बसली. कोकणातून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आमच्या बांधवांनी तिकडच्या सुपरमार्केटमधील बाटल्या आणि डबे सुट्टीवर येताना घरी आणले. पाहता पाहता वलीम्याच्या दावतीत बिर्याणीच्या देगेजवळ 'लाइव्ह पास्ता काउंटर' लागू लागला, रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर मॅकरोनी आली आणि मोहल्ल्यातील होतकरू तरुणांनी पिझ्झा-पास्त्याच्या गाड्या टाकल्या. यात गैर काहीच नाही. रोजगार वाढला, ही आनंदाची बाब आहे. फक्त ज्या मालावर हा रोजगार उभा आहे तो माल आपण ओळखतो का, एवढाच आमचा सवाल आहे.

टोमॅटो आणि सॉस यांतील अंतर

बाटलीवर लालबुंद टोमॅटोचे चित्र असते. टोमॅटोविषयी वाईट बोलण्याचे कारण नाही. 100 ग्रॅम ताज्या टोमॅटोत सुमारे 94 ग्रॅम पाणी असते, उष्मांक अवघे 18, स्वतःची नैसर्गिक साखर अडीच ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम जेमतेम 5 मिलिग्रॅम. त्याला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य तर टोमॅटो थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला अधिक चांगले मिळते. म्हणजे चांगला सॉस हा मुळात चांगलाच पदार्थ आहे.

मग बिघडते कोठे? कारखान्यात सॉस बहुधा ताज्या टोमॅटोपासून होत नाही, तो टोमॅटोच्या घट्ट पेस्टपासून होतो. पाच-सहा किलो टोमॅटो आटवले की एक किलो पेस्ट मिळते. तिच्यात पुन्हा पाणी घालून सॉस तयार करतात. पाणी जास्त झाले की अंगाला दाटपणा येत नाही, म्हणून स्टार्च घालतात. टोमॅटो कच्चा किंवा आंबट असला की चव सावरण्यासाठी साखर घालतात. ताज्या लसणाचा आणि तुळशीच्या जातीच्या बेझिल नावाच्या पाल्याचा सुगंध आटवण्यात उडून गेलेला असतो, तेव्हा जिभेला फसवण्यासाठी मीठ वाढवतात. साखर, मीठ आणि स्टार्च हे तिन्ही जिन्नस टोमॅटोपेक्षा सहज मिळणारे आणि भाव ठरलेले. टोमॅटोचा भाव मात्र लहरी. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला 100 रुपयांच्या वर गेला होता आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तो कोसळला, हे आमच्या भाजीवाल्या बांधवांना वेगळे सांगायला नको. कारखानदाराला मात्र वर्षभर एकाच किमतीची बाटली विकायची असते. तेव्हा कमी-जास्त करायची जागा त्याला बाटलीच्या आतच सापडते.

याचा पुरावा बाटलीवरच छापलेला असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा नियम आहे. जो जिन्नस सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले. यादीत 'वॉटर' पहिले आणि 'टोमॅटो पेस्ट' दुसरी असेल, तर आपण काय विकत घेतले हे उघड आहे. 'शुगर' तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असेल, तर ती चिमूटभर नाही हेही उघड आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'ऑलिव्ह ऑईल' लिहिलेले असते. मागे त्याचा टक्का दिला असेल तर तोही अवश्य पाहावा. पुढची बाजू ही जाहिरात असते. माल मागच्या बाजूला लिहिलेला असतो.

'पर सर्व्ह'ची चलाखी

आता मागच्या बाजूच्या चौकटीकडे वळू. 'न्यूट्रिशनल इन्फर्मेशन' असे तिचे नाव. 2020 च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे तिच्यात 100 ग्रॅममागे किती उष्मांक, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्ध पदार्थ आणि सोडियम आहे ते द्यावे लागते. शिवाय एका 'सर्व्ह'मध्ये, म्हणजे एका वाढपात, दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो तेही द्यावे लागते. हे टक्के 2000 उष्मांकांचा आहार धरून काढतात. त्यात दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम, 50 ग्रॅम वरची साखर आणि 22 ग्रॅम संपृक्त चरबी ही मापे धरलेली आहेत.

हिशोब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा एका बाटलीवर लिहिले आहे की 100 ग्रॅम सॉसमध्ये सोडियम 500 मिलिग्रॅम आणि वरची साखर 5 ग्रॅम आहे. असे आकडे बाजारातील लाल सॉसमध्ये काही जगावेगळे नाहीत. वाढप 60 ग्रॅमचे धरले आहे. मग चौकटीत काय दिसेल? सोडियम 300 मिलिग्रॅम, म्हणजे 15 टक्के. साखर 3 ग्रॅम, म्हणजे 6 टक्के. वाचणारा म्हणेल, यात काय आहे!

परंतु 60 ग्रॅम सॉसमध्ये पास्ता खाणारा तरुण आम्हांला कोणी दाखवावा. 300 ग्रॅमची बाटली घरात दोघांत संपते. म्हणजे माणशी 150 ग्रॅम. आता सोडियम 750 मिलिग्रॅम झाले, दिवसाच्या मापाच्या एक तृतीयांशाहून अधिक. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन निघते. तेव्हा हे जवळजवळ 1.9 ग्रॅम मीठ झाले आणि दिवसभराची मर्यादा आहे 5 ग्रॅम. साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड लहान चमचा. त्याच ताटात वरून दोन मोठे चमचे केचप ओतले, तर साधारण पाव ग्रॅमाहून थोडे अधिक सोडियम आणि सहा-सात ग्रॅम साखर आणखी वाढली. कारण केचपमध्ये 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या वर साखर असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्यावर किसलेले चीज आले की त्याचे मीठ निराळे. पास्ता उकळताना पाण्यात घातलेले मीठ निराळे. एका ताटात दिवसाचे निम्म्याहून अधिक मीठ पोटात गेले, आणि खाणाऱ्याला खारट असे काहीच लागले नाही, कारण साखरेने ते झाकून टाकले.

साखरेच्या टक्क्यातही एक गोम आहे. लेबलावर 50 ग्रॅम हे दिवसाचे माप धरले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मे महिन्यात जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मात्र दिवसाला सुमारे 25 ग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे लेबलावर जे 15 टक्के दिसते, ते या नव्या मापाने 30 टक्के होते. आकडा खोटा नाही, परंतु ज्या वजनाने तो तोलला ते वजनच दुप्पट आहे. तराजूचा व्यवहार करणाऱ्या माणसाला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नसावी.

पांढरा सॉस, हिरवा सॉस

लाल सॉसमध्ये मीठ-साखरेचा प्रश्न असतो, तर पांढऱ्या सॉसमध्ये चरबीचा. 'अल्फ्रेडो' किंवा 'व्हाइट सॉस' या नावाने येणाऱ्या मालात साय, लोणी, चीज किंवा त्यांच्या जागी वनस्पती तेल आणि स्टार्च असते. यात 'सॅच्युरेटेड फॅट'चा आकडा पाहावा. 'पेस्टो' हा हिरवा सॉस तर मुळात तेल, चीज आणि सुकामेवा यांचे वाटण आहे. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 400 च्या वर उष्मांक असणे सर्वसाधारण आहे. तो चटणीसारखा चमचाभर लावायचा, आमटीसारखा ओतायचा नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटला सरकारने जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा घातली, ही चांगली गोष्ट झाली. तरी संपृक्त चरबीचा हिशोब ग्राहकाने आणि दुकानदाराने स्वतःच करायचा आहे.

'नो अ‍ॅडेड शुगर', 'नो एमएसजी' अशा शब्दांनीही भुलू नये. साखर नाही म्हणणारी बाटली मिठाविषयी गप्प असते. एमएसजी नाही म्हणणाऱ्या बाटलीच्या यादीत 627 आणि 631 हे आकडे सापडले, तर तेही चव वाढवणारेच पदार्थ आहेत.

हिरवा ठिपका काय सांगत नाही

आमच्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आमचे बांधव निर्धास्त होतात. हा ठिपका एवढेच सांगतो की मालात प्राण्याचे मांस वा अंश नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ त्यात येऊ शकतात. परंतु तो दारूविषयी काही सांगत नाही. द्राक्षाची वाइन ही वनस्पतीपासून होते. परदेशी पद्धतीच्या काही पास्ता सॉसमध्ये रेड वाइन किंवा व्हाइट वाइन हा जिन्नस असतो. तेव्हा यादीत 'वाइन' हा शब्द शोधणे हे आपले काम आहे. 'वाइन व्हिनेगर' म्हणजे सिरका. सिरका हे उत्तम सालन आहे, अशी प्रशंसा हदीसमध्ये आलेली आहे. परंतु वाइनपासून मुद्दाम बनवलेल्या सिरक्याविषयी फिकहच्या मतांत फरक आहे. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे.

तीच गोष्ट चीजची. इटलीच्या अस्सल पार्मेझान चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरणे तेथील नियमानेच बंधनकारक आहे. आयात केलेल्या पेस्टोमध्ये ते असू शकते. 471 हा आकडा वनस्पतीपासूनही होतो आणि चरबीपासूनही. 120 हा लाल रंग किड्यांपासून काढतात. आमच्या दुकानदाराला हे चार-पाच आकडे पाठ असतील, तर त्याच्या गल्ल्यावर उभा असलेला ग्राहक पुन्हा दुसरीकडे जाणार नाही. हलाल म्हणजे कायदेशीर. पण कुरआनमध्ये हलालच्या जोडीने 'तय्यिब' हा शब्द येतो, म्हणजे शुद्ध आणि हितकारक, हे आम्ही नेहमी विसरतो. यादीतील वाइन पाहून बाटली परत ठेवणारा ग्राहक त्याच यादीतील साखर आणि मीठ पाहून क्षणभरही थांबत नाही, याचा विचार व्हावा.

"आम्ही काय डॉक्टर आहोत?"

आमचे काही व्यापारी बांधव म्हणतील, "साहेब, कंपनीने लिहिले, सरकारने मंजूर केले, गिऱ्हाईकाने मागितले, आम्ही दिले. यात आमचा काय दोष? आम्ही काय डॉक्टर आहोत?"

हा सवाल रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. दोष कोणाचा, हा आमचा विषयच नाही. परंतु आमच्या धर्मात व्यापाऱ्याची जबाबदारी केवळ कायद्यापुरती ठेवलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आत ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, की मग ओला भाग वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असेही त्यांनी बजावले. हा प्रसंग आमच्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला आहे. आम्ही एवढेच म्हणतो की आजच्या बाजारात ढीग काचेच्या बाटलीत बंद झाला आहे. हात घालता येत नाही. ओला भाग बाटलीच्या पाठीवर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत लिहिलेला असतो. नियम इंग्रजी किंवा देवनागरी हिंदी एवढेच मागतो. आमच्या आया-बहिणींना ते वाचता येत नाही. तो ओला भाग वर काढून दाखवणे, हे आजच्या दुकानदाराचे काम आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना जो इशारा आहे, तो फक्त शेर आणि पायलीपुरता आहे असे मानणे आम्हांला तरी पटत नाही.

आणि हा प्रश्न घरचाच आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही, आणखी 13 कोटी 60 लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब, असे चित्र दिसले. गल्ल्यावर बारा तास बसणारा दुकानदार, मागावर वा शिलाई मशिनीवर दिवस काढणारा कारागीर, भट्टीपुढे रात्र जागवणारा बेकरीवाला यांनी हे आकडे दुसऱ्यांचे समजू नयेत. औषधांचा महिन्याचा खर्च किती होतो, ते ज्याच्या घरात गोळ्यांचा डबा आहे त्याला विचारा. बाटली विकून मिळालेला नफा औषधाच्या दुकानात जात असेल, तर तो कसला व्यापार?

कंपनी स्वतः सांगते तेव्हा

कोणी म्हणेल, स्वतःच्या मालाविषयी ग्राहकाला सावध करणारा व्यापारी बुडेल. अनुभव तसा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मार्स या जगप्रसिद्ध कंपनीच्या खाद्यविभागाने जाहीर केले, की आपल्या डोल्मिओ या पास्ता सॉसच्या मालिकेतील व अन्य काही पदार्थांत मीठ, साखर किंवा चरबी अधिक असल्याने ते 'कधीतरी', म्हणजे आठवड्यातून एकदाच खावेत, असे ग्राहकाला सांगण्यात येईल. बाकीचे 'रोजचे' म्हणून वेगळे दाखवले जातील. लसान्याचे सॉस, कार्बोनारा आणि पेस्टो ही त्यातील नावे होती. या घोषणेने कंपनी बुडाली नाही. त्याच वर्षी चिलीने मीठ, साखर, चरबी वा उष्मांक अधिक असलेल्या मालावर पुढच्या बाजूस काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 च्या सप्टेंबरमध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला आणि 2024 च्या जुलैमध्ये साखर, मीठ व संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. जगाचा रोख कोणीकडे आहे हे यावरून दिसते. कायद्याचे चाक सावकाश फिरते. जो व्यापारी कायद्याच्या आधी जागा होतो, त्याचा माल कायदा आल्यावर फळीवरून उतरवावा लागत नाही.

दुकानदाराने काय करावे

आम्ही माल बंद करा असे म्हणत नाही. आमच्या सूचना साध्या आणि बिनखर्चाच्या आहेत.

एक, दोन कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून 100 ग्रॅमचे आकडे ताडून पाहावेत. 'पर सर्व्ह'चे पाहू नयेत, कारण प्रत्येकाचे वाढप वेगळे. ज्यात सोडियम आणि वरची साखर कमी, तो माल डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवावा. जादा कमिशन किंवा एकावर एक मोफतच्या योजनेपायी जागा देऊ नये.

दोन, फळीच्या कडेला मराठीत आणि उर्दूत एक चिठ्ठी लावावी, '100 ग्रॅममध्ये मीठ एवढे, साखर एवढी'. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम होतात. हिशोबाच्या वहीवर बसणाऱ्याला हे अवघड नाही.

तीन, ग्राहकाने विचारले, "भाईजान, अब्बांना बीपी आहे, कोणती बाटली देऊ?" तर जी महाग ती न देता जी बरी ती द्यावी. अर्धी बाटली सॉस आणि तेवढेच घरचे शिजवलेले टोमॅटो मिसळण्याचा सल्ला द्यावा. मीठ-साखर आपोआप निम्म्यावर येते. आज पाच-दहा रुपयांचा फायदा कमी होईल, पण ते गिऱ्हाईक पिढीजात होईल.

कारागिरांसाठी उघडा दरवाजा

यापेक्षा मोठी गोष्ट बनवणाऱ्यांसाठी आहे. बेकरीवाले, केटरर, मसाला कुटणाऱ्या आमच्या भगिनी आणि लोणची-मुरब्बे घालणारे घरगुती उद्योजक यांच्याकडे चव आहे, हात आहे, भांडी आहेत. तरीही दावतीचा सॉस आपण मोठ्या डब्यातून ओततो आणि पाण्याचे, साखरेचे पैसे टोमॅटोच्या भावाने देतो.

घरच्या सॉसचा हिशोब पाहा. एक किलो पिकलेले टोमॅटो, दोन कांदे, एक गाजर, लसूण, दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम, मीठ. मंद आचेवर आटवून अर्धा किलो सॉस होतो. 3 ग्रॅम मिठात सुमारे 1180 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे 100 ग्रॅम सॉसमागे सुमारे 240 मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणातील बाटलीच्या निम्म्याहून कमी. साखर शून्य, कारण गोडवा गाजर आणि कांदा देतात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव आणि नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे टोमॅटोचे मोठे बाजार आहेत. भाव पडतो आणि शेतकरी माल टाकून देण्याच्या विवंचनेत असतो, तेव्हा चार केटररनी मिळून एक टेम्पो भरून आणला, तर शेतकऱ्याचेही भले आणि आपलेही. बेकरीची भट्टी पाव निघाल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. त्या उरलेल्या आचेत टोमॅटो भाजले, तर इंधनाचा खर्च जवळजवळ नाहीच आणि चव अशी, की मीठ वाढवावेच लागत नाही.

मात्र एक इशारा आम्ही आवर्जून देतो. मीठ आणि साखर हे टिकवण्याचेही काम करतात. ते कमी केले आणि बाटली बंद करून महिनाभर ठेवली, तर ती सुरक्षित राहीलच असे नाही. बंद बाटलीतील मालाचा आंबटपणा पीएच 4.6 च्या खाली असला पाहिजे, नाहीतर बोट्युलिझमसारख्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. कांदा, लसूण, गाजर जास्त झाले की आंबटपणा घटतो, म्हणून लिंबाचा रस किंवा सिरका मापून घालावा लागतो. बाटल्या उकळून निर्जंतुक कराव्या लागतात आणि सॉस कढत असतानाच भरावा लागतो. अंदाजाने हे करू नये. रोजचा ताजा सॉस फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवणे, ही सुरुवातीला सर्वांत सुरक्षित वाट. बाटलीबंद धंदा करायचा असेल, तर अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना घ्यावा, त्याचा 14 आकडी क्रमांक छापावा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पीएच आणि पोषणमूल्ये तपासून घ्यावीत. त्याचा खर्च होतो हे खरे. परंतु तीच तपासणी उद्या मोठ्या दुकानात आणि परदेशी ग्राहकापुढे आपले पहिले शिफारसपत्र ठरते.

आणि मग बाटलीची मागची बाजू मागे ठेवू नका. मोठ्या अक्षरांत, मराठीत, पुढेच लिहा: टोमॅटो एवढे टक्के, मीठ एवढे, साखर नाही, वाइन नाही. ज्याच्या मालात लपवण्यासारखे काही नाही, त्याच्यासाठी लेबल हीच जाहिरात आहे आणि तिला वेगळा पैसा पडत नाही.

मोठ्या कंपन्यांशी आपण जाहिरातीत स्पर्धा करू शकत नाही. भांडवलात तर नाहीच. परंतु विश्वासाच्या बाबतीत मोहल्ल्यातील दुकानदार आणि गावातील कारागीर आजही त्यांच्या पुढे आहे, कारण ग्राहक त्याला नावाने ओळखतो आणि तो ग्राहकाच्या घरातील आजार ओळखतो. ही पुंजी आपण वापरतच नाही, याची आम्हांला खंत वाटते. येत्या रमजानची खरेदी सुरू होण्याआधी प्रत्येक दुकानदाराने आपल्या फळीवरील सॉसच्या बाटल्या एकदा उलट्या फिरवून वाचाव्यात, आणि प्रत्येक केटररने दावतीच्या एका देगेचा सॉस स्वतः शिजवून हिशोब मांडून पाहावा. इन्शाअल्लाह, त्यात तोटा दिसणार नाही.